मदत हवी आहे: न्यू होरायझन्समध्ये दुकान ३० आयर्न नगेटवर अडलं आहे

प्रश्न

अ‍ॅनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स हा स्विच या कन्सोलवरचा बेट वसवायचा गेम नवीनच सुरू केला आहे. सुरुवातीचं ५,००० नुक माइल्सचं (खेळातल्या गुणांचं) कर्ज भरून झालं, संग्रहालयवाल्या ब्लॅदर्सचा तंबूही लागला. आता दुकानदार टिमी-टॉमीला दुकानासाठी वुड, सॉफ्टवुड, हार्डवुड (लाकडाचे तीन प्रकार) आणि आयर्न नगेट (खडकातून निघणारे लोखंडाचे तुकडे) प्रत्येकी ३० हवे आहेत. लाकूड जमलं, नगेट मात्र ९ च आहेत. खडकावर तीन-चार घाव घातले की पात्र मागे सरकतं आणि पुढचे घाव हवेत जातात. दोन खडक तर फुटूनच गेले. काय चुकतंय? शिवाय घराचं कर्ज आत्ताच घ्यावं का, आणि याच स्विचवर धाकट्या बहिणीला वेगळं बेट मिळेल का, हेही सांगा.

प्रतिसाद १

खडक फुटले ते फळ खाल्ल्यामुळे. फळ खाल्लं की अंगात ताकद येते आणि पहिल्याच घावाला खडकाचा चुरा होतो, हाती एकच वस्तू लागते. स्क्रीनच्या वर डाव्या कोपऱ्यात ताकदीचा आकडा दिसतो. तो शून्यावर येईपर्यंत खडकाला हात लावू नका. आकडा उतरवायला फावड्याने झाडं मुळासकट उपटा आणि लगेच परत लावा. एका झाडामागे एक आकडा कमी होतो. फुटलेले खडक कायमचे गेले असं समजू नका, रोज एक नवा उगवतो, फक्त जागा बदलते.

आता मागे सरकण्याचं. एका खडकातून दिवसाला जास्तीत जास्त ८ वस्तू निघतात, पण पहिल्या घावापासून थोडाच वेळ मिळतो. प्रत्येक घावाला पात्र मागे ढकललं जातं आणि पुन्हा पुढे येण्यात तो वेळ संपतो. म्हणून आधी खडकाला खेटून उभे राहा, मागे वळून पाठीशी लागून दोन खड्डे खणा, मग खडकाकडे तोंड करून न थांबता बटण दाबत राहा. खड्ड्यांमुळे मागे जायला जागाच उरत नाही. खडकाभोवतीचं गवत, फुलं, पडलेल्या वस्तू आधी काढून टाका. वस्तू पडायला मोकळी जागा नसेल तर पूर्ण आठ निघत नाहीत. आठांत दगड, माती आणि नगेट यांची मिसळ असते. रोज एका खडकातून या वस्तूंऐवजी बेल्स (खेळातले पैसे) पडतात, तोही सोडू नका.

फ्लिम्झी (सुरुवातीची, कच्ची) कुऱ्हाड ४० घावांत तुटते. म्हणजे पाच खडक पूर्ण केले की संपली. ५ फांद्या आणि १ दगड एवढ्यात नवी होते, तेवढं सामान खिशात राहू द्या.

प्रतिसाद २

वरच्यात एक भर. बेटाचा कारभार बघणाऱ्या टॉम नुककडून ३,००० माइल्सला मिळणाऱ्या चांगल्या अवजारांच्या कृती आत्ता घेऊ नका. कुऱ्हाड, गळ, जाळी, फावडं यांच्या त्या आवृत्तीला प्रत्येकी १ नगेट लागतो, म्हणजे चार अवजारांत चार गेले. दुकान उभं राहीपर्यंत फ्लिम्झीवरच भागवा. त्याऐवजी ८०० माइल्सची टूल रिंग जरूर घ्या, अवजार बदलायला दर वेळी खिसा उघडावा लागत नाही.

नगेट लवकर हवे असतील तर विमानतळावरून अनोळखी बेटावर जा. ते ५,००० माइल्स फेडल्यावर नुकने एक तिकीट फुकट दिलं असेल, पुढचं प्रत्येक २,००० माइल्सला. नुक माइल्स प्लस या छोट्या कामांच्या यादीत दिवसातल्या पहिल्या पाच कामांना दुप्पट माइल्स मिळतात, ती रोज उरकली तर तिकिटाचे पैसे लवकर सुटतात. निघताना खिसा जवळपास रिकामा ठेवा, कारण सुरुवातीला जागा २० च असतात. दोन कुऱ्हाडी, एक फावडं आणि जाळी पुरे. त्या बेटावर परत जाता येत नाही, तेव्हा आठ वस्तू काढून झाल्यावर फळ खाऊन खडक फोडला तरी नुकसान नाही. घरी परतण्याआधी मात्र ताकद उतरवून घ्या! हे विसरल्यामुळेच बहुतेकांचे खडक जातात.

प्रश्नकर्ता

खड्डे खणून पाहिलं, एका खडकातून आठही वस्तू निघाल्या. धन्यवाद! कड्यावर दोन खडक दिसतात, तिथे कसं जायचं?

प्रतिसाद १

आत्ता नाही जाता येणार. नदी ओलांडायची काठी ब्लॅदर्सने दिलेल्या कृतीवरून ५ सॉफ्टवुडमध्ये होते, पण शिडीची कृती दुकान उघडल्यावर, नव्या रहिवाशांच्या घरांच्या वेळी मिळते. काठीने नदीपलीकडचे खडक तरी गाठा. खडक पहाटे ५ वाजता पुन्हा भरतात, रात्री १२ ला नाही. आणि ३० पूर्ण व्हायची वाट बघू नका, असतील तेवढे नगेट टिमी-टॉमीकडे देत जा, हिशेब ते ठेवतात.

प्रतिसाद ३

कर्ज आत्ताच घ्या. ९८,००० बेल्सचा आकडा मोठा वाटतो, पण त्यावर व्याज नाही आणि मुदतही नाही. फायदा असा की तंबूत सामान साठवायची सोय नसते, घरात ८० वस्तू राहतात. फेड करायला परकी फळं लावा. बेटाचं मूळ फळ १०० बेल्सला जातं, बाहेरून आणलेलं ५०० ला. अनोळखी बेटावर वेगळं फळ दिसलं तर न खाता आणून पुरा. जमिनीवरची चमकणारी जागा खणून १,००० बेल्स निघाले की त्याच खड्ड्यात १०,००० पुरा, झाडाला ३०,००० लागतात. रोज करण्यासारखं आहे.

बहिणीबद्दल: एका स्विचवर एकच बेट. त्यावर आठ जण राहू शकतात, पण दुकान, पूल, नवी घरं ही पुढची कामं पहिल्या खेळाडूच्याच हाती असतात. तिला तुमच्याच बेटावर तंबू मिळेल. दुकानाची जागा ठरवतानाच दोघींनी मिळून ठरवा, नंतर हलवायला ५०,००० बेल्स पडतात.