नास्तिकांच्या हाती ख्रिस्ती पुस्तक द्यायचं तर कोणतं?

अनवट

श्रद्धावान मित्र एखाद्या नास्तिकाला ख्रिस्ती पुस्तक वाचायला देतो तेव्हा बहुतेक वेळा चुकीचं पुस्तक देतो, असं माझं स्पष्ट मत आहे. दिलं जातं ते वाद जिंकण्यासाठी लिहिलेलं पुस्तक. ब्रिटिश लेखक सी. एस. लुईसचं 'मिअर ख्रिश्चॅनिटी', नाहीतर ली स्ट्रोबेलचं 'द केस फॉर ख्राइस्ट'. नास्तिक ते पेन्सिल घेऊन वाचतो, समासात उलटे प्रश्न लिहितो आणि शेवटच्या पानावरही होता तिथेच असतो. देणारा हिरमुसतो. वाचणारा म्हणतो, एवढंच होतं का यांच्याकडे?

लुईसचा गाजलेला मुद्दा घ्या. येशू जे बोलला ते बोलणारा माणूस एकतर वेडा असेल, नाहीतर सैतानी वृत्तीचा, नाहीतर खरोखर देव. 'थोर शिक्षक होता, पण देव नव्हता' अशी पळवाट नाही. १९४१ ते १९४४ या काळात बीबीसीवर दिलेल्या भाषणांतून हे पुस्तक तयार झालं आणि १९५२ साली छापून आलं. नास्तिकाचा पहिलाच प्रश्न असतो, की येशू हे बोलला हे कशावरून? सर्वांत ठळक दावे योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एकात, आहेत आणि बहुतेक अभ्यासक चारांपैकी तेच सर्वांत उशिराचं मानतात. म्हणजे कथा सांगता सांगता वाढत गेली, ही चौथी शक्यता उरतेच. त्या पुस्तकात लुईस तिच्यापाशी थांबत नाही.

स्ट्रोबेल एकेकाळी 'शिकागो ट्रिब्यून'चा पत्रकार, कोर्टकचेरीच्या बातम्यांत मुरलेला आणि नास्तिक. त्याच्या पुस्तकाची (१९९८) मांडणी चौकशीची आहे. तो १३ अभ्यासकांच्या मुलाखती घेतो, आणि तेराही जण एकाच बाजूचे. विरोधी मत येतं ते यांच्याच तोंडून, खोडून काढण्यापुरतं. दुसऱ्या पक्षाचा एकही साक्षीदार न बोलावता दिलेला निकाल नास्तिकाने का मानावा?

आता लुईसचंच 'अ ग्रीफ ऑब्झर्व्ह्ड' उघडा. त्याची पत्नी जॉय डेव्हिडमन १९६० साली कर्करोगाने गेली. त्यानंतर भरलेल्या वह्या त्याने १९६१ मध्ये एन. डब्ल्यू. क्लर्क या टोपणनावाने छापल्या. 'द प्रॉब्लेम ऑफ पेन'मध्ये (१९४०) वेदनेचा अर्थ शांतपणे समजावून सांगणारा हा माणूस इथे लिहितो, की सगळे आधार संपल्यावर देवाकडे जावं तर दार तोंडावर आपटलं जातं आणि आतून कड्या सरकवल्याचा आवाज येतो. देव नाहीच की काय, ही त्याची भीती नाही. देव आहे आणि तो असा आहे, ही भीती आहे. हे वाचून माझा नास्तिकपणा तसूभरही हलला नाही. पण श्रद्धा असलेल्या माणसाच्या आत काय चालतं, ते मला पहिल्यांदा दिसलं.

म्हणून म्हणतो, पटवून देणारी पुस्तकं बाजूला ठेवा आणि कबुलीची पुस्तकं वाचा. संत ऑगस्टीनचं आत्मचरित्र 'कन्फेशन्स' त्यात सगळ्यात आधी.

तर्कनिष्ठ

असहमत, आणि जोरदार असहमत.

तुम्ही ख्रिस्ती धर्माचा दावा सोडून त्याचा सूर तेवढा घेता आहात. येशूचा प्रेषित पौल स्वतः करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात (अध्याय १५) म्हणतो, ख्रिस्त मेलेल्यांतून उठला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ. इतकं उघडपणे त्याने सगळं एका घटनेवर लावलं आहे. अशा वेळी 'घटना घडली की नाही ते राहू दे, तुझी तळमळ किती सुंदर आहे' असं म्हणणं हा मला पौलाचा अपमान वाटतो. वाद घालणाऱ्याला वादानेच उत्तर द्यावं.

ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलने ६ मार्च १९२७ रोजी लंडनमध्ये 'मी ख्रिस्ती का नाही' हे भाषण दिलं. सगळं पटो न पटो, पण तो शुभवर्तमानं गांभीर्याने वाचतो. अंजिरांचा हंगाम नसताना येशूने झाडाला दिलेला शाप, नरकाच्या धमक्या, हे सगळं तो समोर ठेवतो आणि विचारतो, की याला सर्वोच्च नीती म्हणायचं का? नास्तिकाचं वाचन असं असावं.

स्ट्रोबेलबद्दल मात्र +१. पण वाईट युक्तिवाद वाचून युक्तिवादच सोडायचा, हे काही पटत नाही. त्याच विषयावर दोन्ही बाजूंचं अधिक चांगलं वाचावं. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या संपूर्ण हस्तलिखितांत, म्हणजे चौथ्या शतकातल्या सिनायटिकस आणि व्हॅटिकनसमध्ये, शेवटची बारा वचनं नाहीत. उठलेला येशू लोकांना दिसल्याचे प्रसंग नेमके तिथे आहेत. आजची बहुतेक बायबलं ही गोष्ट तळटीपेत प्रामाणिकपणे नोंदवतात. हे वाचून पुढे काय मानायचं, हा खरा प्रश्न आहे.

जैतून

मी श्रद्धावान ख्रिस्ती आहे. दोघांशीही भांडण आहे.

तर्कनिष्ठ, ती वचनं काढली तरी पौलाचं पत्र उरतं, आणि ते मार्कच्याही आधीचं आहे. पुनरुत्थानाच्या साक्षीदारांची यादी तुम्ही उद्धृत केलेल्या त्याच अध्यायात आहे. फक्त मार्कच्या शेवटावर बोट ठेवून चालणार नाही.

अनवट, तुमचं म्हणणं मला जास्त लागलं. 'अ ग्रीफ ऑब्झर्व्ह्ड'मधलं बंद दार तुम्ही सांगितलंत. पुढच्या पानांत ते दार तितकं बंद वाटत नाही, असं तोच लिहितो. आपणच आक्रोशाने कान बधिर करून घेतले होते का, असं तो स्वतःला विचारतो. शेवटी तो देवाकडेच वळतो. नास्तिक वाचकांना या पुस्तकाचा पहिला भाग फार आवडतो, कारण तिथे श्रद्धावान माणूस त्यांच्यासारखा दिसतो. आमचं दुःख तेवढं खरं आणि त्यातून मिळालेला आधार म्हणजे मनाची समजूत, हे तुम्ही कशाच्या जोरावर ठरवता?

आणि युक्तिवादाने कुणी हलत नाही म्हणता? लुईस नास्तिक असताना ख्रिस्ती लेखक चेस्टरटनचं 'द एव्हरलास्टिंग मॅन' (१९२५) वाचून हलला. पक्कं नास्तिक राहायचं असेल तर वाचन जपून करावं, अशा अर्थाचं त्यानेच आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे.

रानजाई

'कन्फेशन्स' मी दोनदा वाचलं आहे, धर्माशी काही देणंघेणं नसताना. सोळाव्या वर्षी केलेल्या पेअरच्या चोरीवर ऑगस्टीन पानंच्या पानं लिहितो. फळं खायचीही नव्हती, डुकरांपुढे टाकली. वाईट करण्यातच मजा होती, आणि एकटा असतो तर केलंच नसतं, हे त्याचं निरीक्षण थक्क करणारं आहे. सोळाशे वर्षांपूर्वीचा माणूस घोळक्याचं मानसशास्त्र इतकं नेमकं सांगतो.

पण त्याच पुस्तकात एक बाई आहे. कित्येक वर्षं त्याच्यासोबत राहिलेली, त्याच्या मुलाची आई. प्रतिष्ठित घरात लग्न ठरलं म्हणून तिला आफ्रिकेला परत पाठवलं. आपलं काळीज रक्तबंबाळ झालं असं तो सांगतो, आणि चार ओळींत विषय संपतो. मुलाचं नाव आहे, अदेओदातुस. तिचं नाव कुठेच नाही. ती गेल्यावर लग्नाला अवकाश होता म्हणून त्याने दुसरी बाई ठेवली.

श्रद्धेने वाचणारे इथून भराभर पुढे जातात, कारण त्यांना मिलानच्या बागेतला त्याच्या मनपरिवर्तनाचा तो क्षण गाठायचा असतो, ३८६ सालचा, 'घे, वाच' असा लहान मुलाचा आवाज ऐकू येतो तो. मला ती बाई ओलांडून पुढे जाता येत नाही. बाहेरच्या वाचकाचा उपयोग असेल तर तो हा. अनवट कबुलीची पुस्तकं वाचा म्हणतात, मान्य. पण कबुली देणारा काय गाळतो, तेही वाचा.

अनवट

रानजाई, हा प्रतिसाद मूळ लेखापेक्षा मोलाचा आहे.

जैतून, चेस्टरटनचा मुद्दा खरा आहे. पण त्याच आत्मचरित्रात लुईस आणखी एक पुस्तक सांगतो, जॉर्ज मॅकडोनाल्डची 'फँटास्टिस' ही अद्भुतकथा. तिने आपल्या कल्पनाशक्तीचा बाप्तिस्मा केला, असे त्याचे शब्द आहेत, आणि बुद्धी त्यानंतर कितीतरी वर्षांनी वळली. १९३१ साली टॉल्किन आणि ह्यूगो डायसन या मित्रांशी रात्री उशिरापर्यंत त्याच्या गप्पा झाल्या, त्याही मिथकांवर. आधी आत काहीतरी हललेलं असेल तरच युक्तिवाद कामाला येतो.

आधाराबद्दल. तो खोटा आहे असं मी म्हणत नाही. लुईसला तो मिळाला हे मी त्याच्या शब्दावर मानतो. तो कुणाकडून मिळाला, याबद्दल मात्र त्याचा शब्द पुरेसा धरू शकत नाही.

पैलतीर

मराठी वाचकाला उदाहरण लांब शोधायला नको. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. १८९५ साली नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा या बाईवर आभाळ कोसळलं, आणि १९०० साली तिने स्वतः बाप्तिस्मा घेतला. मधल्या वर्षांत तिचं मन कसं बदलत गेलं हे त्यात आहे आणि प्रचाराचा सूर नाही. कोणत्याही धर्माच्या, कोणताही धर्म नसलेल्या माणसाने ते प्रेमाने वाचलं आहे.

तर्कनिष्ठ

पैलतीर, प्रेमाने वाचलं खरं, पण बहुतेकांनी धर्मांतराचा भाग आत्मचरित्रातला एक प्रसंग म्हणून वाचला. माझी तक्रार तीच आहे. बाईंनी आयुष्यातला सर्वांत मोठा निर्णय सांगितला आणि आपण त्यांच्या शैलीला दाद देऊन पुस्तक मिटलं.

कोरा_कागद

मी ख्रिस्ती घरात वाढलो आणि आता श्रद्धा उरलेली नाही. तुम्ही सगळे ही पुस्तकं निवांत वाचू शकता याचा हेवा वाटतो. मला नरकाचं प्रकरण आलं की आजही छातीत धडधडतं. बुद्धीला पटत नाही, तरी शरीर विसरलेलं नाही. रसेलने येशूच्या नीतीतला एक फार गंभीर दोष म्हणून नरकावरच्या विश्वासाकडे बोट दाखवलं, ते वाचून मला मोकळं वाटलं होतं. अनवट, मला तेव्हा वादाचंच पुस्तक हवं होतं. हळवं, प्रामाणिक, कबुलीचं काही दिलं असतंत तर मी भीतीपोटी परत गेलो असतो.

बार्ट एर्मनचंही सांगतो. बायबलच्या हस्तलिखितांचा हा अभ्यासक एकेकाळी कट्टर श्रद्धावान होता. त्याची श्रद्धा पाठभेदांमुळे गेली असं अनेकांना वाटतं. तो स्वतः सांगतो, की जगातल्या दुःखाचं उत्तर सापडेना म्हणून गेली.

जैतून

कोरा_कागद, नरकाची भीती घालून लहान मुलांना वाढवणं चूक आहे, हे मी ख्रिस्ती म्हणून म्हणते. तुम्हाला मी कुठलंच पुस्तक देणार नाही.

तर्कनिष्ठ, तुम्हाला मात्र देईन, आणि ते लुईसचं किंवा स्ट्रोबेलचं नसेल. बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक वाचा. दुःखाला कारण असतंच असं ठामपणे समजावणारे मित्र त्यात आहेत आणि शेवटी देव त्यांच्यावरच रागावतो. देवाशी भांडणारा ईयोब योग्य बोलला, असं देव म्हणतो. तुमचा वाद आमच्या ग्रंथात तुमच्याआधीच घातलेला आहे. वाचून इथेच लिहा, मी उत्तर देईन.

तर्कनिष्ठ

वाचलेलं आहे. वादळातून बोलणारा देव ईयोबाच्या एकाही प्रश्नाचं उत्तर देत नाही, आणि मेलेल्या मुलांच्या जागी नवी मुलं देऊन हिशेब पुरा करतो. आधी त्या पहिल्या दहा मुलांबद्दल बोलू.