पालिका निवडणुकीतील उमेदवारांना पर्यावरणाविषयी नेमके काय विचारावे?

प्रश्न:
महानगरपालिका निवडणुकीपूर्वी प्रभागातील सर्व उमेदवारांना पर्यावरणविषयक प्रश्नावली पाठवून त्यांची उत्तरे पत्रकाद्वारे मतदारांपर्यंत पोहोचवण्याचा आम्हा काही रहिवाशांचा विचार आहे. ‘आपण पर्यावरणाचे रक्षण कराल का?’ या प्रश्नाला नाही म्हणणारा उमेदवार अजून जन्माला यायचा आहे. त्यामुळे नगरसेवकाच्या अधिकारकक्षेत खरोखर येणारे आणि पुढे पडताळता येतील असे प्रश्न कोणते, तसेच असे पत्रक प्रचारात मोडते का, याबाबत जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १:
महानगरपालिका अधिनियमानुसार आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी शहराचा पर्यावरण सद्यस्थिती अहवाल महापालिकेपुढे ठेवणे बंधनकारक आहे. एवढ्या जाडजूड अहवालावर चर्चा किती होते, हे सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तावरून कळते. म्हणून माजी नगरसेवक पुन्हा उभे असतील, तर त्या अहवालावर ते कोणत्या वर्षी बोलले आणि अंदाजपत्रकात नाले, उद्याने किंवा कचरा वर्गीकरणासाठी त्यांनी कोणती उपसूचना मांडली, एवढेच विचारावे. इतिवृत्त माहिती अधिकारात मागता येते. मात्र त्यासाठी ३० दिवसांची मुदत असल्याने अर्ज आताच करावा. अनेक महापालिकांची मुदत २०२२ मध्ये संपून तेथे दीर्घकाळ प्रशासक होते, हे ध्यानात घेऊन त्याआधीच्या वर्षांचे इतिवृत्त मागावे. नवख्या उमेदवारांना मात्र आश्वासनांवरच तोलावे लागेल, त्याला इलाज नाही.

प्रतिसाद २:
वृक्षतोडीचा प्रश्न वगळू नये. १९७५ च्या वृक्ष संरक्षण अधिनियमाखालील वृक्ष प्राधिकरणाचे अध्यक्ष आयुक्त असले, तरी त्यावर नगरसेवकही सदस्य असतात आणि वृक्षांची जाण असलेल्या स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधीही घेता येतात. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे वा त्याहून अधिक वयाचे झाड ‘वारसा वृक्ष’ ठरले, आणि झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकी झाडे लावण्याची अट आली. वय मोजण्यावरच सारे अवलंबून असल्याने वयाच्या नोंदीवर वाद होणे ओघानेच आले. तोडीपूर्वीची नोटीस झाडाच्या खोडावर डकवावी लागते. ती पावसात भिजून किंवा फलकाखाली झाकून गेली, तर हरकत घेणार कोण? अशी प्रत्येक नोटीस प्रभागातील नागरिकांना आपण स्वतः कळवाल का, हा प्रश्न साधा आहे आणि पडताळताही येतो.

प्रतिसाद ३:
पत्रकाविषयी लिहितो. उमेदवाराच्या लेखी संमतीविना त्याच्या विजयासाठी सभा, जाहिरात किंवा पत्रकावर खर्च करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ खाली गुन्हा असून त्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. म्हणून ‘यांना मत द्या’ असे लिहू नये, गुण किंवा तारे देऊ नयेत, सर्वांची उत्तरे शब्दशः आणि मतपत्रिकेतील क्रमाने छापावीत, आणि ज्यांनी उत्तर दिले नाही त्यांच्या नावापुढे ‘उत्तर प्राप्त झाले नाही’ असे नमूद करावे. मुद्रक व प्रकाशकाचे नाव पत्रकावर असलेच पाहिजे.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. गुण देण्याचा आमच्यापैकी काहींचा आग्रह होता, तो आता सोडून देऊ. एखाद्या उमेदवाराने चार पानी उत्तर पाठवले, तर काय करावे?

प्रतिसाद ३:
शब्दमर्यादा प्रश्नावलीतच लिहावी आणि ती सर्वांना सारखीच लागू करावी. उत्तर आपण संक्षिप्त करू नये. मर्यादेबाहेर गेल्यास त्यांच्याकडूनच कमी करून घ्यावे.