शहाबादी फरशी लाव्हारसाची नव्हे

शहाबादी फरशीला काही जण आपल्या काळ्या पाषाणाचीच बहीण म्हणतात. तसं नाही. काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट, तो लाव्हारसातून थिजला. शहाबादी हा चुनखडक, उथळ समुद्राच्या तळाशी थरावर थर साचून झालेला. कलबुर्गी जिल्ह्यात वाडी-शहाबादच्या आसपास दख्खनच्या बेसॉल्टची चादर संपते आणि खालून हे थर उघडे पडतात. बेसॉल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. शहाबादी त्याहून कितीतरी जुना, समुद्रात शिंपले यायच्याही आधीचा. म्हणून त्यात शंख-शिंपले शोधू नका.

थर इतके सपाट की छिन्नी लावून ठोकलं की लादी सरळ सुटते. मुंबई-रायचूर रेल्वे १८७१ साली पूर्ण झाली, शहाबाद त्याच मार्गावर, त्यामुळे लाद्या थेट मुंबई-पुण्याकडे येऊ लागल्या. पण स्थानिक वापर फार जुना. कागिणा नदीकाठी मळखेडला, राष्ट्रकूटांच्या राजधानीत, किल्ल्याच्या भिंतींत हाच दगड दिसतो.

आमच्या जुन्या घरात आई ओल्या फडक्याने फरशी पुसायची, तेव्हा राखाडी रंगातून निळसर झाक वर यायची. वाळली की गेली! लोणच्यासाठी चिरलेल्या लिंबांचे पांढुरके डाग मात्र कायमचे राहिले. आम्लाने चुना खाल्ला जातो. ओट्याचा काळा कडप्पाही चुनखडकच, आंध्रातला. त्यावरही लिंबू सांडू देऊ नका.

फरशा बदलणाऱ्यांना कळकळीची विनंती: फोडू नका, घासून पॉलिश करून बघा.