दुसरीचं वाचन कसं तपासता? घडाघडा वाचणारी मुलगी आणि अडखळणारा मुलगा

दुसरीच्या_बाई
नमस्कार. मी दुसरीला शिकवते, पट 38. वाचन तपासायची माझी आजवरची रीत अशी: शिकवून झालेला धडा उघडायला लावायचा, प्रत्येकानं चार-पाच ओळी मोठ्यानं वाचायच्या आणि मी वहीत अ, ब, क लिहायचं. गेल्या आठवड्यात याच रीतीवरचा माझा विश्वास उडाला.

एक मुलगी घडाघडा वाचते, तिला कायम अ. परवा ती वाचत असताना वाऱ्यानं पान उलटलं, तरी ती पुढची दोन वाक्यं न थांबता म्हणत राहिली. तिच्यामागून एक मुलगा उठला. तो शब्दाशब्दाला अडखळतो, ‘सूर्य’ला ‘सूरय’ म्हणतो, त्याला कायम क. वाचून झाल्यावर तो म्हणाला, “बाई, ती मुंगी परत घरी का नाही गेली?” धड्यात ते खरंच सांगितलेलं नाही. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

एवढ्या मुलांचं एकेकट्याचं वाचन कधी आणि कसं घ्यायचं? ऐकताना नेमकं काय टिपायचं? मिनिटाला किती शब्द यायला हवेत, असा तक्ता कुणाकडे असेल तर तोही द्या.

खडूवाले_सर
बाई, ती मुलगी वाचत नाहीये, पाठ म्हणतेय. झालेला धडा दिला की ऐकून लक्षात राहिलेलं किती आणि अक्षरांवरून उमगलेलं किती, हे वेगळं काढता येत नाही. उतारा कधी न पाहिलेलाच हवा. मी स्वतः लिहितो, 60 ते 100 शब्दांचा, ठळक अक्षरात. चित्र घालत नाही, कारण चित्रावरून मुलं पुष्कळ अंदाज बांधतात.

दिवसाला पाच मुलं धरली तर तुमचा वर्ग आठ दिवसांत होतो. बाकीची लिहीत असतात तेव्हा एकाला शेजारी बसवायचं. समोर बसवलं की त्याची परीक्षा होते. तीन-चार मिनिटं पुरतात. वर्गापुढे उभं करून वाचायला लावू नका, त्यात धीटपणा मोजला जातो.

टिपण्याची पद्धत न्यूझीलंडच्या शिक्षणतज्ज्ञ मेरी क्ले यांची वापरतो. उताऱ्याची एक प्रत आपल्या हातात ठेवायची. बरोबर वाचलेल्या शब्दावर खूण, चुकला तर मूल जे म्हणालं ते जसंच्या तसं वर लिहायचं, गाळला तर आडवी रेघ, आणि स्वतःहून सुधारला तर ‘स्व’. ‘स्व’ चुकीत मोजायचा नाही. शंभर शब्दांत पाचपर्यंत चुका असतील तर उतारा त्या मुलाला सोपा आहे, सहा ते दहा असतील तर शिकवायला योग्य. त्याहून जास्त असतील तर तो आत्ता देऊ नये.

हा आकडा लागतोच, पण शिकवायचं काय ते चुकांवरून कळतं. ‘घर’ला ‘धर’ किंवा ‘भात’ला ‘मात’ म्हणणारं मूल अक्षराच्या आकाराला फसतंय. ‘किती’तली पहिली वेलांटी डोळ्याला आधी दिसते पण उच्चारात नंतर येते. रफार बरोबर उलटा: बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, उच्चार मात्र आधी. तुमचा मुलगा ‘सूरय’ म्हणतो, म्हणजे ती वरची खूण ‘र’ची आहे आणि ती ‘य’च्या आधी म्हणायची, हे त्याला येतं. जोडून म्हणणं तेवढं राहिलंय. तो ‘सूय’ म्हणाला असता तर मुळापासून शिकवावं लागलं असतं. तुमच्या वहीत ‘सूरय’ आणि ‘सूय’ दोन्हींना ‘क’च मिळाला असता.

‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च तोंडात वेगळा होतो, कागदावर एकच असतो. ‘चारा’ आधी ‘चार’सारखा वाचून मग थबकून सुधारणारं मूल अर्थाला धरून चाललंय. तिथला ‘स्व’ मला दहा बिनचूक शब्दांपेक्षा मोलाचा वाटतो.

आणि एक कळकळीची विनंती. ‘पाणी’ला ‘पानी’, ‘शाळा’ला ‘शाला’ वाचलं, तर आधी ते मूल बोलताना काय म्हणतं ते आठवा. घरी ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलानं ‘पानी’ वाचलं, तर त्यानं शब्द बरोबर ओळखला आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका मुलाच्या अशा प्रत्येक ‘न’खाली लाल रेघ ओढली होती. वर्ष संपेपर्यंत तो माझ्यासमोर मोठ्यानं वाचला नाही. ते मला अजून सलतं.

वाचनकट्टा_ताई
सरांशी पूर्ण सहमत. तक्त्याबद्दल सांगते. मिनिटाला शब्दांचे जे आकडे फिरतात ते बहुतेक इंग्रजी वाचनाचे असतात. आपला ‘घरातून’ एक शब्द, इंग्रजीत त्याचे तीन होतात. ते आकडे मराठीला लावले तर आपली चांगली वाचणारी मुलंही मागे दिसतील. वेग जरूर मोजा, पण त्या मुलाच्या मागच्या महिन्यातल्या वेगाशी ताडून बघा.

अर्थाचं कसं बघायचं? गॉफ आणि टनमर या वाचनाच्या अभ्यासकांनी 1986 मध्ये एक साधी मांडणी केली: अक्षरं उलगडता येणं आणि ऐकलेली भाषा समजणं यांचा गुणाकार म्हणजे वाचून समजणं. गुणाकार असल्यामुळे एक बाजू शून्य झाली की सगळंच शून्य. म्हणून मूल वाचून झालं की आधी “तुझ्या शब्दांत सांग” म्हणते, मग दोन-तीन प्रश्न विचारते. नाही आलं, तर तेवढ्याच लांबीचा दुसरा उतारा मी वाचून दाखवते आणि तसेच प्रश्न विचारते. ऐकून सांगता आलं तर काम अक्षरांवर करायचं. ऐकूनही नाही आलं तर वाचनाचा सराव वाढवून उपयोग नाही, त्या मुलाशी भरपूर बोलावं लागतं.

एक_आई
मी शिक्षिका नाही, तरी लिहिते. माझी मुलगी फळ्यावरचं नीट वाचायची आणि पुस्तकात ओळी गाळायची. सहा महिने आम्ही तिला रागावलो. निघाला चष्म्याचा नंबर. डोळे एकदा तपासायला सांगा.

दुसरीच्या_बाई
सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवसांनी लिहितेय, सगळ्यांचं वाचन घेऊन झालं. उतारा 86 शब्दांचा होता.

घडाघडा वाचणारीचे 19 शब्द चुकले. पहिलं अक्षर बरोबर, पुढचं अंदाजानं: ‘बदक’ची ‘बकरी’, ‘पाऊल’चा ‘पाऊस’. दुसरा उतारा मी वाचून दाखवला, तर सगळी गोष्ट हातवारे करून सांगितली. म्हणजे काम अक्षरांवर. मुलाचे 11 चुकले, त्यातले 9 जोडाक्षरांचे. चार ठिकाणी ‘स्व’. शेजारी बसल्यावर तो अडखळलाही कमी. पुस्तक फार जवळ धरणारी दोन मुलं दिसली, त्यांच्या घरी निरोप दिला आहे.

जिच्याकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं, त्या मुलीनं मला हलवलं. शांत, नेहमी ब. घरची भाषा वेगळी. 86 पैकी 84 शब्द बरोबर. सांग म्हटलं तर काही नाही, वाचून दाखवलं तरी काही नाही. ‘ओंजळ’ तिनं बिनचूक वाचलं होतं. म्हटलं, ओंजळ करून दाखव. ती माझ्याकडे बघत राहिली. मग मी माझे दोन्ही हात जुळवून तिच्यापुढे धरले. तिनं हसून तिच्या भाषेतला शब्द सांगितला आणि स्वतःचेही हात तसेच केले.