मदत हवी आहे: कढीपत्त्याची कुंडी गाडीतून नेली तर चालेल का?

सामान_बांधतोय
शनिवारी सकाळी ट्रक येतोय. सामानवाले म्हणतात झाडं घेणार नाही. बाकीची वाटून टाकली, पण कढीपत्ता सात वर्षांचा आहे, कुंडीत, माझ्या खांद्याला लागतो. बायको म्हणते तो नाही तर मीही नाही. आपल्याच गाडीत मागच्या सीटवर आडवा घालून नेला तर काही भानगड होईल का? ऑफिसातला एक जण म्हणाला क्वारंटाइन असतं. झाडाला कसलं क्वारंटाइन? हो की नाही एवढंच सांगा, वेळ नाही.

पुणेरी_पाटी
बिनधास्त न्या. आम्ही कोथरूडहून बंगळूरला जाताना तुळस, गवती चहा आणि कढीपत्ता तिन्ही नेले. कागलला कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. फक्त निपाणीच्या पुढे ऊन फार, पानं ओल्या फडक्यात गुंडाळा.

सामान_बांधतोय
बंगळूर कुठून आलं मध्येच? मी अमेरिकेत आहे.

पुणेरी_पाटी
मग तसं लिहायचं. आम्ही काय मनकवडे?

नियमावली
अमेरिका म्हणजे पन्नास राज्यं. कुठून कुठे? आणि पुणेरी, भारतातही झाडांना मोकळं रान नाही बरं का. १९१४ च्या कायद्याखाली राज्याराज्यांत बंदी घालता येते. दार्जिलिंगचा बटाटा चामखीळ रोगामुळे बाहेर काढायला मनाई. महाराष्ट्रातून केळीचे कंद परराज्यात नेण्यावरही मोझॅक रोगामुळे जुनी बंदी आहे. नाक्यावर कुणी विचारत नाही ही वेगळी गोष्ट.

सामान_बांधतोय
कॅलिफोर्नियातल्या कॅलिफोर्नियातच जातोय. एलए ते सॅक्रामेंटो. राज्य बदलत नाही म्हणजे प्रश्नच नाही ना?

ताकवाली_काकू
सात वर्षांचं झाड आणि खांद्याएवढंच? त्याला आंबट ताक घालत नाही का तुम्ही? आमच्याकडे छपराला टेकलंय.

रेडलँड्सची_सून
प्रश्न आहे, आणि मोठा आहे. एलएमध्ये नेमकं कुठे? लॉस एंजेलिस आणि ऑरेंज काउंटीचा बराच भाग लिंबूवर्गीय झाडांच्या क्वारंटाइनमध्ये आहे, सिट्रस ग्रीनिंग नावाच्या रोगामुळे. तो एक बारीक किडा पसरवतो. कढीपत्ता त्याच कुळातला, म्हणून नियमात त्याचं नाव घेऊन लिहिलंय. कुंडी, फांदी, ताजी पानं, काहीच हद्दीबाहेर न्यायचं नाही. राज्याच्या कृषी खात्याच्या साइटवर नकाशा आहे. पत्ता टाका, आत की बाहेर ते दिसतं.

सामान_बांधतोय
सेरिटोसच्या जवळ. नकाशा पाहिला. घर आत आहे. पण हा संत्र्यालिंबांचा रोग ना? कढीपत्त्याचा काय संबंध?

बिनधास्त_बंड्या
संबंध काही नाही. कढीपत्त्याला तो रोग होतच नाही, मी वाचलंय. ते सोळा तपासणी नाके राज्याच्या सीमेवर, ॲरिझोना-नेवाडाकडून येणाऱ्यांसाठी. आय-फाइव्ह हायवेवर एलएहून वर जाताना कोण अडवणार? वर चादर टाक आणि निघ.

संत्रानगरी
बंड्याभाऊ, अर्धं वाचलं की असं होते. माझं गाव वरुडकडचं, घरची संत्र्याची बाग. तो किडा आमच्या वळखीचा, सायला म्हणतो आम्ही. तीन-चार मिलिमीटरचा, डोकं खाली अन् बूड वर करून तिरपा बसते. अंडी घालते फक्त कोवळ्या पालवीवर, अन् कढीपत्त्याची पालवी त्याले लय आवडते. झाडाले रोग नाही, मान्य. पण किडा त्याच्यावर पोसते आणि उडून शेजारच्या लिंबावर जाते. त्याच्या अंगात जंतू असला की लिंबू गेलं. औषध नाही. फळ वाकडं, बुडाशी हिरवंच राहते, तोंडात धरवत नाही इतकं कडू. आणि रोग लागल्यावर दीड-दोन वर्षं झाड चांगलं दिसते, तोच खरा घात.

सामान_बांधतोय
माझ्या झाडावर एकही किडा नाही. रोज पाहतो. हवं तर साबणाचं पाणी मारून, पानं धुऊन नेतो.

संत्रानगरी
मोठा किडा दिसन. अंडी शेंड्याच्या घडीत असतात, भिंग लागते. पिल्लं पिवळसर, मागे पांढरे मेणाचे धागे काढतात, ते दिसले तर समजायचं उशीर झाला. आमच्याकडे आंबिया बहाराची पालवी आली की दर आठवड्याला शेंडे उलटून पाहतो, तरी निसटतात. साबणाच्या पाण्यानं तुमचं समाधान होईन.

नियमावली
धागाकर्त्याला अंदाज यावा म्हणून लिहितो. कॅलिफोर्नियात हा किडा पहिल्यांदा २००८ मध्ये सॅन दिएगो काउंटीत सापडला, आणि रोग २०१२ मध्ये हासिएंडा हाइट्समध्ये. एका घराच्या अंगणात, कलमं बांधलेल्या झाडावर. तुमच्यापासून अर्ध्या तासावर. फ्लोरिडात रोग २००५ ला पोचला. २००३-०४ च्या हंगामात तिथे संत्र्याच्या २४ कोटींहून जास्त पेट्या निघाल्या होत्या, २०२२-२३ ला दोन कोटींच्या आत.

बिनधास्त_बंड्या
फ्लोरिडात चक्रीवादळं पण झाली. सगळं बिल एका किड्याच्या नावावर फाडू नका. आणि रिव्हरसाइडच्या विद्यापीठाने त्याला खाणारी गांधीलमाशी पाकिस्तानातून आणून सोडलीय ना? मग घाबरता कशाला?

रेडलँड्सची_सून
वादळांनी झोडपलं हे खरंच, पण उत्पादन त्याआधी कितीतरी वर्षं घसरत होतं. आणि ती माशी २०११ पासून सोडताहेत. तिच्यामुळे किड्यांची संख्या घटते, किडा संपत नाही. रोगी झाड तर बरं होत नाहीच. रिव्हरसाइडमध्ये १८७३ सालचं नेव्हल संत्र्याचं मूळ झाड आहे, त्याला आता चक्क जाळीच्या तंबूत ठेवलंय. एवढ्यावरून काय ते समजा.

आमच्या इथे दुसऱ्याच किड्याने, फळमाशीने, कहर केला होता. २०२४ च्या जानेवारीत रेडलँड्समधल्या दोन हजारांहून जास्त घरांच्या अंगणातली फळं कृषी खात्याच्या माणसांनी येऊन उतरवली. झाडं ठेवली, फळं नेली. सासूबाई खिडकीतून बघत होत्या, म्हणाल्या, लोणचं तरी घालू द्यायचं होतं. तेव्हा राज्य तेच असलं तरी क्वारंटाइन लागतं.

हापूसखोर
विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. मे महिन्यात आई येतेय, हापूसची एक पेटी सामानात टाकली तर? २००७ पासून अमेरिकेने आंबा सुरू केलाय ना?

नियमावली
तो व्यापारी मालाला, लासलगाव-वाशीसारख्या केंद्रात किडींसाठी विकिरणाची मात्रा देऊन, निर्यातीची कागदपत्रं करून. आईच्या बॅगेत नाही. युरोपने तर २०१४ मध्ये हापूससकट आंबा, कारली, पडवळ, वांगी, अळू सगळंच बंद केलं होतं, आंबा २०१५ ला पुन्हा उघडला.

हापूसखोर
मी अमेरिकेचं विचारलं, तुम्ही युरोपात नेलं. आणि आमरस चालतो का, हे राहिलंच.

सामान_बांधतोय
माझा धागा आहे हा. बरं, एक सांगायचं राहिलं. लिंबाचंही झाड आहे, मोठ्या कुंडीत. आणि तीसेक लिंबं तोडून ठेवलीत.

रेडलँड्सची_सून
हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं! कढीपत्त्यावर वाद घालत बसलो आणि खरा रोग धरणारं झाड तर आता निघालं. लिंबू मुळीच हलवू नका. लिंबंसुद्धा घरीच संपवा. सरबत करा, लोणचं घाला.

बिनधास्त_बंड्या
एका लिंबाने कॅलिफोर्निया बुडणार नाही.

संत्रानगरी
फ्लोरिडातही एखादाच असा भेटला असन. भाऊ, तुझ्या वाटेवरचा ग्रेपवाइनचा घाट कर्न काउंटीतच उतरते. कर्न, तुलारी, फ्रेस्नो, संत्र्याचा सारा पट्टा तिथंच. तू गाडी थांबवून चहा पिशीन, खिडकी उघडी ठेवशीन. लोकाची पंधरा-वीस वर्षांची बाग असते ती. आमचं एक झाड उपटलं की बाप दोन दिवस जेवत नाही.

पुणेरी_पाटी
मग शेजाऱ्याला देऊन टाका, विषय संपला.

नियमावली
संपला कसा? क्वारंटाइनच्या आतही कुंड्या या घरून त्या घरी फिरवू नयेत असंच सांगतात. जिथे आहे तिथेच राहू द्या. नाहीतर काउंटीच्या कृषी आयुक्तांच्या ऑफिसला फोन करा, ते फुकट सांगतात. आम्हा अनोळखी लोकांना रात्री अकरा वाजता विचारण्यापेक्षा बरं.

सामान_बांधतोय
केला फोन. बाईंनी पत्ता विचारला आणि पाच मिनिटांत दोन्ही झाडांना नाही म्हणाल्या. कढीपत्ता म्हटल्यावर त्यांना समजावून सांगावं लागेल असं वाटलं होतं, पण त्यांनीच विचारलं, तुमच्याकडे फोडणीत घालतात तोच ना? नवीन रोप सॅक्रामेंटोला परवानाधारक नर्सरीतूनच घ्या म्हणाल्या, तिथली रोपं जाळीच्या आत वाढवलेली असतात.

बायको दोन तास बोलली नाही. मग घरमालकांनी सांगितलं की पुढचे भाडेकरू तमिळ आहेत. आज ते घर बघायला आले. मामींनी हॉल पाहिला नाही, स्वयंपाकघर पाहिलं नाही, सरळ मागे जाऊन एक पान चुरगळून वास घेतला. दोन्ही कुंड्या जागेवर राहताहेत.

रेडलँड्सची_सून
छान झालं. त्यांना सांगा, लिंबं आणि पानं घरातच वापरा, कुणाला पिशवी भरून देऊ नका.

हापूसखोर
आमरसाचं कुणी सांगणार आहे का?

सामान_बांधतोय
लिंबं-पानांचं मामींना सांगितलंय. आणि ताकवाल्या काकू, अजून आहात का? मामी विचारताहेत, ताक किती दिवसांनी घालायचं?

ताकवाली_काकू
आहे हो, कुठे जाते. पंधरा दिवसांनी एकदा, चांगलं आंबट, चौपट पाणी घालून. मीठ घातलेलं नको. आणि खोडाला टेकवून ओतू नका म्हणावं, कडेकडेने.