आजेसासूबाईंच्या बायबलमध्ये सापडलेला कागद – दाखवावा की ठेवून द्यावा?

पेकनची_सावली:

जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. नवरा अमेरिकन, गोरा, दक्षिण जॉर्जियातल्या एका छोट्याशा काउंटीतला. मेकॉनपासून अजून दीड तास खाली, भुईमूग, कापूस, पेकनची झाडं आणि उरलेल्या जागेत पाइन. लग्नाला अकरा वर्षं झाली. आजेसासूबाई 93 वर्षांच्या आहेत, ऑक्टोबरात नर्सिंग होममध्ये गेल्या, म्हणून त्यांचं घर आवरायला सासूबाई, नणंद आणि मी दर वीकेंडला जातोय.

या घरात मी पहिल्या दिवसापासून एक गोष्ट ऐकत आलेय, आमची माणसं गरीब होती, स्वतः नांगर धरायची, आमच्याकडे कधी गुलाम नव्हते. दर रियुनियनला कुणीतरी हे म्हणणार म्हणजे म्हणणारच, कुणी विचारलेलं नसतानाही, आणि तेव्हाच मला वाटायचं की न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर एवढं पाठ का असावं.

तर सिडारच्या पेटीत घराण्याचं बायबल निघालं, जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी असतात तसं, आणि त्यात चार घड्या घातलेला एक कागद. 1857 चा. घरातला कोणी पूर्वज वारला तेव्हा त्याच्या मालमत्तेची केलेली यादी. कापसाचं जिन, खेचरं, बैलगाडी, चाळीस डुकरं, आणि मग मधेच, वेगळं काहीही शीर्षक न देता, माणसं. 14. नुसती पहिली नावं, वय, आणि पुढे डॉलर. एक 19 वर्षांची मुलगी तिच्या तान्ह्या बाळासकट 1,100. शेवटी एक म्हातारी, तिच्यापुढे शून्य. तिच्या खालच्या ओळीत भिंतीवरचं घड्याळ, 6 डॉलर.

मी ते घड्याळाचं वाचलं आणि खालीच बसले.

सासूबाईंनी कागद हातात घेतला, वाचला (चष्मा न लावता, म्हणजे आधी वाचलेला होता), घडी घालून परत ठेवला. म्हणाल्या, हे कशाला उकरायचं, आई आहे तोवर तरी नको. आणि आइस टी आणायला आत गेल्या. वाईट नाहीत हो त्या. माझ्या बाळंतपणात दीड महिना माझ्याजवळ होत्या, माझ्या आईला व्हिसा मिळाला नव्हता तेव्हा.

आता खरी गोची. तीन वर्षांपूर्वी ख्रिसमसला नणंदेने सगळ्यांना डीएनए किट दिली होती, मजा म्हणून. नवऱ्याच्या मॅचमध्ये डेट्रॉइटच्या एक ब्लॅक बाई आल्या, 34 सेंटिमॉर्गन (दोघांत सारखा डीएनए किती ते मोजायचं माप), म्हणजे लांबचं काहीतरी नातं. त्यांनी दोनदा मेसेज केला होता. त्यांचे लोक याच काउंटीतले, आणि 1870 च्या मागे काहीच सापडत नाही, तुमच्याकडे काही जुने कागद असतील तर सांगाल का, एवढंच. खूप अदबीने लिहिलंय. नवऱ्याने उत्तर दिलं नाही. आता विचारलं तर म्हणतो की काय लिहायचं तेच कळलं नाही, मग उशीर झाला, मग अजून उशीर झाला.

त्या कागदाचा फोटो माझ्या फोनमध्ये आहे. सासूबाईंना माहीत नाही. मी सून, त्यातही बाहेरची, मी यात पडावं का? गप्प बसले तर मीही त्या घराचीच झाले असं वाटतं, आणि बोलले तर नवऱ्याच्या आईच्या पाठीत सुरा.

जुनी_दप्तरं:

ताई, आधी कागदाचं बोलते, मन नंतर बघू. लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका, सपाट ठेवून दोन्ही बाजू नीट स्कॅन करा.

हा कागद एवढा मोलाचा का ते सांगते, कारण तुमच्या सासूबाईंना बहुतेक वाटतंय की त्यात फक्त त्यांच्या घराची अब्रू आहे. 1850 आणि 1860 च्या जनगणनेत गुलामांचे वेगळे तक्ते होते, पण त्यात नाव मालकाचं, आणि खाली नुसतं वय, लिंग, रंग. माणसांची नावं जवळपास कुठेच नाहीत. 1860 मध्ये अशी जवळजवळ 40 लाख माणसं होती. ती सगळी नावानिशी पहिल्यांदा दिसतात ती 1870 च्या जनगणनेत. म्हणून त्या डेट्रॉइटच्या बाई 1870 ला येऊन अडकल्यात, सगळेच अडकतात, वंशावळवाले त्याला 1870 ची भिंतच म्हणतात. ती ओलांडायची तर मालकाच्या घरचे कागद लागतात, मृत्युपत्र, वाटणीपत्र, खरेदीखत, आणि अगदी हीच मालमत्तेची यादी. म्हणजे त्यांच्या पणजीच्या आजीचं नाव कदाचित तुमच्या फोनमध्ये आहे आणि जगात अजून फार तर एका ठिकाणी, काउंटीच्या प्रोबेट कोर्टाच्या (मृत्युपत्रं-वारसा बघणाऱ्या कोर्टाच्या) दप्तरात, ते जळलं नसेल तर.

ते आधी तपासा. तिथे नोंद असेल तर ती सार्वजनिकच आहे, मग सासूबाईंचं गुपित वगैरे काही उरत नाही.

34 सेंटिमॉर्गनवरून मात्र उड्या मारू नका. चौथा-पाचवा चुलत, अर्धा चुलत, काहीही असू शकतं, आणि कुठल्या बाजूने तेही कळत नाही. आजेसासूबाई दोन पिढ्या जवळ आहेत, त्यांचा नमुना असता तर जास्त कळलं असतं, पण 93 वर्षांच्या बाईला नक्की कशासाठी ते न सांगता नळीत थुंकायला लावणं हा चोरटेपणा आहे, तेवढं करू नका.

फ्रीडमन्स ब्युरो, म्हणजे गुलामीतून सुटलेल्या लोकांसाठीचं सरकारी खातं, 1865 मध्ये सुरू झालं, त्याचे मजुरीचे करार फॅमिलीसर्च या वंशावळीच्या साइटवर फुकट आहेत. 1865 ते 1867 मध्ये तुमच्या पूर्वजाच्या वारसाकडे कोणी अंगठे उठवलेत बघा, यादीतली पहिली नावं तिथे आडनावासकट सापडायची शक्यता आहे. आडनाव मालकाचंच असेल असं धरून चालू नका, बऱ्याच जणांनी दुसरंच घेतलं.

सरळमार्गी:

मला हे सगळं ओढूनताणून वाटतंय. दीडशेपेक्षा जास्त वर्षं झाली. तुमच्या नवऱ्याने कोणाला विकत घेतलंय? तो बिचारा स्टुडंट लोन फेडतोय असेल. आणि 93 वर्षांच्या बाईला शेवटच्या दिवसांत हे दाखवून काय मिळवायचंय? आपण बाहेरून आलेली माणसं, आपल्याला त्यांच्या भानगडीत निवाडा करायचा काय अधिकार? थोडी वर्षं थांबा, मग काय ते करा.

कॅरोलिनाकर:

@सरळमार्गी, नवऱ्याचा दोष नाही हे मान्यच. पण दोष आणि कागद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत ना. दुसऱ्याचं पत्र चुकून आपल्या पेटीत पडलं तर आपण चोर नसतो, पण तीन वर्षं ते पत्र दाबून ठेवलं आणि त्या माणसाने दोनदा येऊन विचारलं तरी दिलं नाही, तर मग?

मी सतरा वर्षं साउथ कॅरोलिनात आहे, कोलंबियाच्या बाहेर. इथे एक गोष्ट फार उशिरा माझ्या लक्षात आली. ही जी घराण्याची गुपितं म्हणतात ना, ती एकाच बाजूला गुपितं असतात. इथला सेनेटर स्ट्रॉम थरमंड, त्याचं उदाहरण घ्या. 1948 मध्ये वंशभेदाच्या बाजूने राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिलेला माणूस, 1957 मध्ये नागरी हक्कांच्या विधेयकाविरुद्ध सेनेटमध्ये 24 तासांच्या वर बोलला. आणि 1925 मध्ये त्याच्या आईवडिलांच्या घरी कामाला असलेल्या 16 वर्षांच्या ब्लॅक मुलीला त्याच्यापासून मुलगी झाली होती. तो 2003 च्या जूनमध्ये 100 वर्षांचा होऊन गेला, त्यानंतर डिसेंबरमध्ये ती मुलगी, एसी मे वॉशिंग्टन-विल्यम्स, 78 व्या वर्षी जाहीरपणे बोलली. हयातीत तो तिला गुपचूप पैसे देत होता. गोऱ्या लोकांना धक्का बसला म्हणे. माझ्या ऑफिसातल्या ब्लॅक सहकारी म्हणाल्या, धक्का कसला, आमच्याकडे लहानपणापासून कुजबुज होती.

इथल्या स्टेट हाउससमोर त्याचा पुतळा आहे, त्यावर चार मुलांचा बाप असं कोरलेलं होतं, 2004 मध्ये पाचवं नाव घातलं आणि चारचं पाच केलं. जवळ जाऊन बघितलं तर दगडात तो आकडा सारवल्यासारखा दिसतो. मी पाहुण्यांना मुद्दाम दाखवतो.

तर ताई, तुमच्या सासूबाई जे झाकून ठेवतायत ते डेट्रॉइटमध्ये कुणाच्या तरी जेवणाच्या टेबलावर पिढ्यान्‌पिढ्या बोललं जात असणार. त्यांच्याकडे गोष्ट आहे, कागद नाही. तुमच्याकडे कागद आहे आणि गोष्ट खोटी सांगितलेली.

आणि आडून एक विचारतो, जमिनीचं काय? ती अजून घरातच आहे का? अपराधीपणाचं मला माहीत नाही, पण जमीन तर वारसाने येतेच. मग सोबत आलेलं बाकीचं आमचं नाही, हे जरा सोयीचं होतं.

डेल्टातली:

मी मिसिसिपीत, टलहॅची काउंटीच्या जवळ. थोडं वेगळं सांगते. 1857 चा कागद त्यातल्या त्यात सोपा आहे हो, त्यातलं कुणी जिवंत नाही. इकडे 1955 आहे. एमेट टिल हा ब्लॅक मुलगा 14 वर्षांचा होता, शिकागोहून नातेवाइकांकडे आलेला, त्याला गोऱ्यांनी मारलं. खटला समनरच्या कोर्टात चालला, सगळे ज्युरी गोरे पुरुष, आरोपी सुटले, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी एका मासिकाकडून पैसे घेऊन सांगून टाकलं की हो, आम्हीच मारलं. काउंटीने माफी मागितली ती 2007 मध्ये. मृतदेह सापडला त्या नदीकाठी लावलेल्या पाटीला लोक गोळ्या घालायचे, बदलली की परत, शेवटी 2019 मध्ये गोळी आत न जाणारी बसवली. पन्नास-साठ वर्षांनीही पाटीवर गोळी झाडावीशी वाटते याचा अर्थ काय तो तुम्हीच लावा.

माझ्या शेजारच्या आजी त्या वेळी शाळेत होत्या. एकदा पोर्चवर बसलेलो असताना आपणहून म्हणाल्या, माझे वडील त्या आठवड्यात कुठे होते हे मी त्यांना कधी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं असतं अशी भीती होती. मग विषय बदलला, टोमॅटोवर गेला. काही नव्हतंही कदाचित. पण ती बाई सत्तर वर्षं तो न विचारलेला प्रश्न उशाखाली घेऊन झोपतेय.

म्हणून मला @सरळमार्गींचं ते "म्हातारीला शेवटी त्रास कशाला" पटत नाही. त्रास चालूच असतो. आजेसासूबाईंना तो कागद माहीत नसेल असं तुम्हाला खरंच वाटतं? बायबल कोणाचं होतं?

सरळमार्गी:

बायबलचा मुद्दा बरोबर आहे. तरी सासूबाईंना डावलून आजीकडे जाऊ नका एवढं म्हणेन. घर मोडतं त्याने.

पेकनची_सावली:

तीन आठवड्यांनी येतेय, सॉरी. बरंच झालं.

प्रोबेट कोर्टात नोंद आहे. 1857 चं पुस्तक, तीच यादी, तीच म्हातारी, तेच घड्याळ. तिथल्या क्लार्कने अगदी सहज, एक डॉलर घेऊन कॉपी काढून दिली. गाडीत बसून मी सासूबाईंना फोन केला आणि सांगितलं की हे आधीपासून तिथे उघडं आहे, कुणीही बघू शकतं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, रविवारी मी पण येते आईकडे.

@डेल्टातली, तुमचं बरोबर निघालं. आजेसासूबाईंनी कागद बघून पहिलं काय विचारलं तर, "दगड कुणी हलवले का?" आम्हाला काहीच कळेना. मग तुकड्यातुकड्याने सांगितलं. मागच्या शेताच्या टोकाला, नाल्याच्या अलीकडे, एक जागा आहे, त्यांचे वडील तिथे कधी नांगर घालायचे नाहीत, आणि लहानपणी त्यांना तिकडे खेळायला जायची बंदी होती. वडिलांनी एकदाच कारण सांगितलं होतं आणि परत विचारायचं नाही म्हणाले होते. त्यांनी परत विचारलं नाही. त्यांनी ते सासूबाईंना सांगितलं नाही आणि सासूबाईंनी कागद त्यांच्यापासून लपवला, दोघी एकमेकींना जपत होत्या म्हणे. सासूबाई रडल्या. आजी नाही रडल्या, त्यांना भूक लागली होती.

@कॅरोलिनाकर, जमीन हो, 60 एकर अजून घरात आहे. बाकीची माझ्या सासऱ्यांच्या काळातच विकली गेली. त्यावर मी अजून काही बोलले नाहीये आणि कोणीच बोललेलं नाही, एका रविवारात एवढंच झालं.

नवऱ्याने डेट्रॉइटला लिहिलं. चार ओळी, त्यातल्या दोन उशिराबद्दल, आणि सोबत कागदाचा फोटो. मी म्हणत होते आधी त्यांना बघायचाय का ते विचार, म्हातारीपुढचं शून्य असं एकदम डोळ्यापुढे येऊ नये कुणाच्या, पण त्याने पाठवून टाकलं. मेसेज वाचलेला दिसतोय. नऊ दिवस झाले, उत्तर नाही. तो सारखा फोन बघतो. मी त्याला म्हटलं, तू तीन वर्षं घेतलीस.

आता घाई वेगळीच आहे. त्या शेताच्या टोकाला सध्या पाइन आहेत आणि कापणीचं कंत्राट आधीच दिलंय, मार्चमध्ये मशीन येणार. आम्ही जाऊन बघितलं, कबरींचे दगड आहेत, अकरा मोजले, नावं नाहीत, साधे शेतातले दगड उभे केलेले. कुणाला फोन करायचा?

जुनी_दप्तरं:

काउंटीच्या ऑफिसला आणि राज्याच्या पुरातत्त्वज्ञांना, दोघांनाही, उद्याच. जॉर्जियात दफनभूमी असलेल्या जमिनीचा वापर बदलायचा तर स्थानिक परवानगी लागते. कापणी त्यात बसते का ते विचाराच, पण कंत्राटदाराला आजच लेखी कळवा, बहुतेकदा ते स्वतःहून तेवढा पट्टा सोडतात.

खणू नका, दगड सरळ करायला जाऊ नका. रंगीत टेप बांधून हद्द आखा, आणि ती दिसतायत त्यापेक्षा बरीच मोठी धरा, अकरा दगड म्हणजे अकराच माणसं असं नसतं. पूर्व-पश्चिम लांबट खळगे दिसतायत का बघा, सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात फोटो काढले की चांगले उठतात. जीपीएसचे आकडे लिहून ठेवा, पण ठिकाण ऑनलाइन टाकू नका, त्या बाईंचं उत्तर येईपर्यंत तरी.

आणि झाडांखाली जमिनीवर पसरलेली गडद हिरव्या पानांची, निळ्या-जांभळ्या फुलांची वेल असेल तर ती साफ करू नका. ती कबरींवर मुद्दाम लावलेली असते.