मॉनिटर बदलताना : दहा हजारांच्या आत काय घेतलंत, आणि आता कसं वाटतंय?

घरचा मॉनिटर गेला. प्रुफं तपासणं आणि भाषांतर हे माझं काम, त्यामुळे दिवसभर डोळ्यांसमोर देवनागरीच असते. बजेट दहा हजार, फार तर अकरा. दुकानदार म्हणतो सत्तावीस इंची घ्या, भाचा म्हणतो आधी रिफ्रेश रेट बघ, म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र ताजं होतं ते. रिव्ह्यू वाचायला घेतले तर ते सगळे गेमिंगच्या अंगाने लिहिलेले. बारीक टायपात अनुस्वार नीट दिसतो का, हे कुठेच सापडलं नाही.

म्हणून हा धागा. स्वतःच्या पैशांनी मॉनिटर बदललेल्यांनी कृपया लिहा. काम काय करता, किती इंची घेतला, नवा की वापरलेला, आणि काही महिन्यांनी काय खटकलं? नुसतं ‘अमुक कंपनी बेस्ट’ असं नको. खटकलेलं सविस्तर सांगा, त्याचाच जास्त उपयोग होईल.

सांगली, दुरुस्तीचं दुकान

ताई, तो खरंच गेलाय का ते आधी बघा. आमच्याकडे ‘मॉनिटर गेला’ म्हणून येणाऱ्या कितीतरी जणांचा फक्त अ‍ॅडॅप्टर गेलेला असतो. बाहेरचा अ‍ॅडॅप्टर असलेल्या मॉनिटरचा दिवा मिणमिणत असेल किंवा लागतच नसेल, तर दुसरा लावून बघायचा. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, आणि पिनची पोलॅरिटी जुळलीच पाहिजे. हे सगळं मागच्या लेबलवर छापलेलं असतं.

दुसरी खूण म्हणजे चालू केल्यावर क्षणभर चित्र येतं आणि काळं होतं. असं होत असेल तर खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका धरा. आयकॉन पुसट दिसले तर पॅनेल (चित्र दाखवणारी काच) जिवंत आहे, बॅकलाइट, म्हणजे तिच्या मागचा दिवा, लागत नाहीये. जुन्या मॉनिटरमध्ये आतल्या पॉवर सप्लायचे कपॅसिटर फुगलेले असतात. त्यांचं डोकं सपाट असायला हवं, ते वर आलेलं दिसतं. पार्ट स्वस्त असतो, मजुरी धरून काही शेकड्यांत काम होतं. मात्र घरी उघडू नका. प्लग काढला तरी आतला मोठा कपॅसिटर चार्ज धरून असतो.

स्क्रीनवर कायमच्या उभ्या रेघा आल्या असतील किंवा पॅनेल फुटलं असेल, तर दुरुस्तीत पैसे घालू नका. पॅनेलच्या किमतीत जवळजवळ नवा मॉनिटर येतो.

धागाकर्ती

टॉर्च धरून बघितलं, काहीच दिसत नाही. डावीकडे दोन रेघा आधीपासून होत्याच. म्हणजे नवाच घ्यायचा.

पुणे, सॉफ्टवेअर

इंचांच्या आधी ठिपके मोजा. फुल एचडी म्हणजे 1920 × 1080 ठिपके, मग स्क्रीन कितीही मोठी असो. साडेएकवीस इंचीवर एका इंचात साधारण 102 ठिपके बसतात, चोवीस इंचीवर (खरं माप 23.8) 92, आणि सत्तावीस इंचीवर 82. स्क्रीन मोठी होते तसं अक्षर मोठं होतं, पण भरडही होतं.

ऑफिसात मला सत्तावीस इंची फुल एचडी दिलाय, घरी मी चोवीस इंची आयपीएस (पॅनेलचा एक प्रकार) घेतला, त्यामुळे रोज दोन्ही बघतो. इंग्रजी कोड दोन्हींवर चालून जातो. मराठीत फरक लगेच कळतो. ‘मूर्तींना’ हा शब्द घ्या. ‘र्तीं’वर रफार, वेलांटी आणि अनुस्वार असे तिघे एकाच जागी येतात. ऑफिसच्या स्क्रीनवर बारा पॉइंटात तिथे काळा ठिपका होतो, अनुस्वार आहे की नाही ते झूम केल्याशिवाय सांगता येत नाही. घरच्यावर तिन्ही वेगळे दिसतात. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांचंही तेच. प्रुफं वाचणाऱ्या माणसाने ही चाचणी दुकानातच करावी. एक मराठी पीडीएफ पेन ड्राइव्हवर न्या, शंभर टक्क्यांवर उघडा आणि घरी जेवढ्या अंतरावर बसता तेवढ्या अंतरावरून वाचा.

सत्तावीसच हवा असेल तर 2560 × 1440 घ्यावा लागतो, त्यात इंचाला 109 ठिपके मिळतात. पण तो या बजेटमध्ये नवा सहसा मिळत नाही.

नवा मॉनिटर लावल्यावर विंडोजच्या सर्चमध्ये ‘क्लिअरटाइप’ (अक्षरं रेखीव करायची सोय) शोधा आणि ते चार-पाच नमुने निवडून टाका. आणि एचडीएमआयवर काळा रंग राखाडी, फिका दिसत असेल तर मॉनिटर बदलून मागू नका. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये रंगांची रेंज ‘लिमिटेड’ असते, ती ‘फुल’ करायची.

सातारा, निवृत्त मुख्याध्यापक

स्टँडबद्दल अजून कुणी लिहिलेलं नाही, म्हणून लिहितो. माझा चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे, जवळचं भिंगाच्या खालच्या भागातून दिसतं. स्क्रीन उंच असली की हनुवटी वर करून वाचावं लागतं आणि संध्याकाळपर्यंत मान धरते. स्वस्त मॉनिटरचा स्टँड फक्त पुढे-मागे कलतो, उंची बदलत नाही. तरुणांना तो बुटका वाटतो, ते खाली पुस्तकं ठेवतात. मला तो अजून खाली हवा होता. शेवटी मागे वेसाची, म्हणजे वेगळा स्टँड स्क्रूने बसवायची, चार भोकं असलेला (100 × 100 मिलिमीटर) मॉनिटर घेतला आणि टेबलाला पकडणारा हात वेगळा लावला. आता स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या बरीच खाली आहे. मानेचा त्रास थांबला.

सगळ्याच मॉनिटरना ही भोकं नसतात. ज्यांना असा चष्मा आहे त्यांनी ती आहेत का हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

नाशिक, कर सल्लागार

एका मोठ्यापेक्षा दोन मध्यम. एकावर टॅली, दुसऱ्यावर पोर्टल. दोन्ही एकाच मॉडेलचे घ्या, नाहीतर पांढरा रंग दोघांवर वेगळा दिसतो आणि ते दिवसभर खुपतं.

व्यवसायासाठी घेत असाल आणि जीएसटी नोंदणी असेल तर बिलावर आपला क्रमांक घालून घ्या. मॉनिटरवर 18 टक्के कर आहे, नऊ हजारांच्या बिलात तो साधारण 1,370 रुपये होतो आणि त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे आपण भरायच्या जीएसटीतून तो वजा होतो. कंपोझिशनवाल्यांना (छोट्या व्यावसायिकांच्या सोप्या कर योजनेतल्यांना) नाही मिळत. 32 इंचांच्या वरच्या मॉनिटरना पूर्वी 28 टक्के होते, 22 सप्टेंबर 2025 पासून तेही 18 वर आले.

मुंबई, डीटीपी

मी वापरलेला घेतला आणि त्यावर समाधानी आहे. लॅमिंग्टन रोडला कंपन्यांच्या ऑफिसातून निघालेले मॉनिटर मिळतात. ते मूळचे महागाच्या मालिकेतले असतात. उंची बदलणारा स्टँड, आयपीएस पॅनेल, स्क्रीन उभी फिरवायची सोय, हे सगळं चार-साडेचार हजारांत मिळालं. माझा 1920 × 1200 आहे. ते जास्तीचे 120 ठिपके उभ्या दिशेला असल्यामुळे पानाच्या आणखी काही ओळी दिसतात, आमच्या कामात त्याची किंमत फार आहे.

पण तपासून घ्यायला वेळ काढा. मी लॅपटॉप आणि स्वतःची केबल घेऊन गेलो होतो. पूर्ण पांढरं, पूर्ण काळं, लाल, हिरवं, निळं अशी चित्रं आधीच करून ठेवली होती. पांढऱ्यावर कडा पिवळट दिसतात का बघायचं, बॅकलाइट थकला की आधी तिथे कळतं. काळ्यावर कोपऱ्यातून उजेड झिरपतो का बघायचं, त्यासाठी दुकानदाराला वरची ट्यूब बंद करायला सांगायची. रंगांवर मेलेले ठिपके शोधायचे. कडेला एखादा असला तर मी घेतो, वाचायच्या जागी असला तर नाही. मग ब्राइटनेस अगदी कमी करून मोबाइलचा कॅमेरा धरायचा. स्क्रीनवर पट्टे सरकताना दिसले तर बॅकलाइट लुकलुकतोय. ज्यांचं डोकं दुखतं त्यांनी तो सोडून द्यावा. आणि मॉनिटर किमान अर्धा तास चालू ठेवायचा, कारण तापल्यावर उमटणारा दोष पहिल्या पाच मिनिटांत दिसत नाही.

दुकानाची वॉरंटी किती महिन्यांची ते बिलावर लिहून घ्या.

नागपूर, इंजिनीअरिंगला आहे

गेम खेळतो आणि कोडिंग करतो. 24 इंची, रिफ्रेश रेट 100 हर्ट्झ, व्हीए प्रकारचं पॅनेल. व्हीएचा काळा रंग खरंच काळा असतो, कॉन्ट्रास्ट 3000:1 च्या आसपास, आयपीएसचा साधारण 1000:1. सिनेमाला मस्त. पण काळ्या बॅकग्राउंडवर पान पटकन सरकवलं की अक्षरांमागे सावली ओढली जाते. ताई, तुम्ही दिवसभर पानं सरकवणार, तुम्ही आयपीएसच घ्या.

100 हर्ट्झचा मॉनिटर जोडला तरी विंडोज तो 60 वर ठेवू शकतं. सेटिंग्ज, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन बदलावं लागतं. माझ्या रूममेटला हे सांगितल्यावर त्याला नवीन मॉनिटर घेतल्यासारखं वाटलं.

तेवढ्याच पैशांत 32 इंची टीव्ही येतो, असं कुणीतरी सांगेलच. तो बहुधा ‘एचडी रेडी’ असतो, म्हणजे 1366 × 768. हॉस्टेलला एकाकडे आहे. त्यावर मॅच बघतो आम्ही, वाचत नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. 23.8 इंची, आयपीएस, वेसाची भोकं असलेला, इथपर्यंत आले. मराठी पीडीएफ घेऊन दुकानात जाणार आहे. एक शंका राहिली. माझा सीपीयू जुना आहे, मागे निळा व्हीजीए आणि एक पांढरा पोर्ट आहे. नव्या मॉनिटरला फक्त एचडीएमआय असला तर?

सांगली, दुरुस्तीचं दुकान

पांढरा तो डीव्हीआय. डीव्हीआय-टू-एचडीएमआय साधी केबल घ्या, दोन्हींत सिग्नल डिजिटलच आहे, कन्व्हर्टर लागत नाही. आवाज त्यातून येईलच असं नाही, स्पीकर वेगळा लावा. निळ्या व्हीजीएवरून एचडीएमआय करायचं तर आत चिप असलेला, यूएसबीवरून वीज घेणारा कन्व्हर्टर लागतो, आणि अक्षरं किंचित मऊ दिसतात. तुमच्या कामाला ते नको.

कुडाळ, सायबर कॅफे आणि झेरॉक्स

शहरातल्यांना ही अडचण येत नसेल, पण तालुक्याच्या गावी सर्वांत मोठी हीच आहे. बहुतेक नामांकित कंपन्या तीन वर्षांची वॉरंटी देतात. ती ऑन-साइट आहे की आपण सर्व्हिस सेंटरला न्यायची, हे बघा. एका कंपनीच्या मॉनिटरसाठी मला गोव्यात खेप घालावी लागली, कारण इथला पिन कोड त्यांच्या यादीत नव्हता. आता घेण्याआधी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करून पिन कोड सांगतो आणि माणूस येणार का ते विचारतो.

ऑनलाइन मागवत असाल तर खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा, लेबलपासून स्क्रीन चालू होईपर्यंत. फुटलेलं पॅनेल बदलून घेताना तोच पुरावा धरतात. खोकं आणि थर्माकोल वॉरंटी संपेपर्यंत टाकू नका. पावसाळ्यात विजा चमकायला लागल्या की मॉनिटर आणि सीपीयू दोघांचे प्लग काढा, लॅनची वायरही काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

सांगली, दुरुस्तीचं दुकान

जुन्याचं एक सांगायचं राहिलं. तुमचा मॉनिटर 2010 च्या आधीचा, जाड, एलईडी न लिहिलेला असेल तर आत बारीक नळ्या असतात आणि त्यांत पारा असतो. भंगारवाला तो रस्त्यावरच फोडतो. त्याला देऊ नका, ई-कचरा संकलनात द्या. अ‍ॅडॅप्टर चालू असेल तर तेवढा काढून ठेवा, कुणाच्या तरी कामी येतो.